खोडलेला सातवा नियम आणि एक प्रत दारासाठी

स्वस्ति श्री. अखिल-भिन्नांक-भय-निवारिणी, त्रैराशिक-तिमिर-विध्वंसिनी, कलाशाखा-समुद्भूत-गणितद्वेष-दावानल-शमन-मेघमाला, अनुमान-साम्राज्य-सिंहासनाधिष्ठिता, खडू-धूलि-धूसर-पदर-विभूषिता, निमित्त-प्रमाणपत्र-पराङ्मुखी, मिरज-नगर-संभूता, फरीदाबाद-प्रांत-निवासिनी, अखंड-चहापान-व्रतधारिणी, प्राध्यापिका डॉक्टर मेहरुन्निसा शिकलगार यांच्या पासष्टाव्या वर्षाच्या पूर्तीनिमित्त सिद्ध होणाऱ्या प्रस्तुत गौरवग्रंथात या अल्पमती संस्कृताध्यापकाची ही लेखसमिधा सविनय अर्पण.

या बिरुदावलीचा कच्चा खर्डा मी बाईंना आधी दाखवला होता. त्यांनी तो चष्मा कपाळावर चढवून वाचला आणि विचारले, "यातली खरी किती?"

"दोन," मी प्रामाणिकपणे म्हणालो. "मिरज आणि चहा."

"फरीदाबाद राहिलं की. तीन. बाकीच्यांवर एक आडवी रेघ मारा. पण खोडून काढू नका. तुम्ही काय चूक केलीत ते लोकांना दिसू दे."

त्याप्रमाणे मी रेघ मारूनच हस्तलिखित संपादक मंडळाकडे सुपूर्द केले. वर छापलेल्या बिरुदांवर वाचकांना ती रेघ दिसत नसेल, तर दोष माझा नाही. रेघा गळून जाणे हा आमच्याकडे आता संसर्गजन्य विकार झाला आहे, आणि या लेखाचा विषय दुर्दैवाने तोच आहे.

बाईंचा आणि माझा प्रथम परिचय एका प्रशासकीय प्रमादातून झाला. फरीदाबादच्या वेशीवरील आमच्या खासगी विद्यापीठात मी संस्कृत विभागात नुकताच रुजू झालो होतो. विभाग म्हणजे मी, एक लोखंडी कपाट आणि कपाटावरची सुकलेली तुळस. वेळापत्रक रचणाऱ्या अज्ञात विभूतीने तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली एकाच तासाला संस्कृतासही दिली होती आणि गणितासही. मी माझ्या तीन शिष्यांसह तेथे पोहोचलो, तर खोली भरलेली, आणि फळ्यापाशी निळ्या सुती साडीतल्या एक मध्यमवयीन बाई खडू शोधत होत्या. मी हिंदीत नम्र निषेध नोंदवला. त्यांनी हिंदीतच त्याहून नम्रपणे तो फेटाळला. मी स्वतःशी पुटपुटलो, "काय कटकट आहे."

"कटकट आहेच," त्या एकदम मराठीत म्हणाल्या. "कुठले तुम्ही? पुण्याचे? वाटलंच. बसा की मागच्या बाकावर. आणि बसण्याआधी ते दार लावा."

मी दार लावले. ते उघडले. पुन्हा लावले. ते पुन्हा, काहीशा उपहासाने, करकरत उघडले. त्या दाराची कडी चौकटीपर्यंत पोहोचत नसे. बाईंनी टेबलावरच्या गठ्ठ्यातून एक छापील कागद उचलला, त्याच्या घड्यांवर घड्या घातल्या आणि दाराशी बसलेल्या विद्यार्थ्याकडे दिला. त्याने तो फटीत ठोकून बसवला. दार गप्प झाले. तो कागद म्हणजे बाईंच्या अभ्यासक्रमाचे नियमपत्रक होते. प्रत्येक सत्रारंभी त्या जेवढे विद्यार्थी तेवढ्या प्रती छापून घेत, आणि छपाईच्या मागणीपत्रावर स्वहस्ते जोड देत: 'अधिक एक प्रत दारासाठी.'

मग हजेरी सुरू झाली, आणि मी आयुष्यात प्रथमच हजेरी ऐकली असे म्हणेन. बाईंच्या वर्गात नाव पुकारल्यावर 'प्रेज़ेंट मैम' म्हणण्यास मनाई होती. फळ्यावर त्या दिवसाचा एक प्रश्न लिहिलेला असे आणि प्रत्येकाने आपल्या नावाला उत्तर म्हणून आपला अंदाज सांगायचा. अंदाज सांगितला की उपस्थिती लागली. त्या दिवशीचा प्रश्न होता, 'या इमारतीत आत्ता किती माणसे कंटाळलेली आहेत?'

"साठ, मैम." "दो सौ, मैम." "सब, मैम."

"'सब' संख्या नहीं है, बेटा. गिनके बोलो."

अखेर त्यांची दृष्टी मजवर पडली. मी उठून, उपरणे नसताना उपरणे सावरल्याच्या आविर्भावात उद्गारलो, "अगणित."

"गणिताच्या वर्गात येऊन अगणित म्हणता? हॉटेलात बसून उपास सांगितल्यासारखं झालं हे. आकडा सांगा, शास्त्रीबुवा."

मी शास्त्री नाही, बुवा तर नाहीच. परंतु त्या क्षणापासून आजतागायत मी त्यांचा शास्त्रीबुवा आहे. मी घाबरून 'चाळीस' म्हणालो. "कशावरून?" मी म्हणालो, मजल्यावर इतक्या खोल्या, खोलीत इतकी माणसे, पैकी पहिल्या बाकावरची सोडून सर्व. "चुकलात," त्या म्हणाल्या, "पण रीतसर चुकलात. उद्यापासून या." मी गेलो, आणि जातच राहिलो. पुढे त्यांनी मला त्या अभ्यासक्रमातला एक तास कायमचा बहाल केला: वृत्तांतल्या लघु-गुरूंच्या किती निरनिराळ्या मांडण्या होऊ शकतात, हे मोजण्याचा. माझी विद्यापीठीय कीर्ती त्या एका तासावर उभी आहे.

ग्रंथाचे सर्वच वाचक आमच्या विद्यापीठातले नसल्याने थोडे स्पष्टीकरण उचित ठरेल. गणिताला कंटाळून इतिहास, साहित्य, चित्रकला, राज्यशास्त्र यांच्या आश्रयास आलेल्या मुलांना आमच्याकडे प्रवेशद्वारातच कळते की एक सत्र गणित अनिवार्य आहे. मुले त्याला 'आर्ट्सवाला मैथ्स' म्हणत आणि गणित विभाग त्याला काहीच म्हणत नसे, कारण तो अभ्यासक्रम शिकवणे हे त्या विभागात पदावनतीचे लक्षण मानले जाई. बाईंनी तो स्वतःहून मागून घेतला. त्यांचे स्वतःचे संशोधन ज्या विषयात होते त्याचे नावही मला उच्चारता येत नाही. पण "तिथं मी नसले तरी चालतंय," असे त्या म्हणत. "इथं दारात मुलं थरथरत उभी असतात."

इतर प्राध्यापकांची नियमपत्रके म्हणजे लघुदंडसंहिताच असत: काय केल्यास काय कापले जाईल. बाईंचे पत्रक वाचताना मात्र कोणीतरी आपल्याशी बोलते आहे असे वाटे. उत्तरापेक्षा वाट महत्त्वाची. चुकीच्या वाटेलाही गुण मिळतील, पण ती वाट दिसली पाहिजे. म्हणून रबर आणि पांढरी शाई वर्गाबाहेर ठेवावी; चूक झाल्यास तीवर एकच आडवी रेघ मारावी, अशी की खालचे वाचता येईल. गृहपाठ उशिरा दिला तर घेतला जाईल, पण आणून देणाऱ्याने समोर बसून एक कप चहा पिऊन जावे. आणि 'मेरी मैथ्स कमज़ोर है' हे वाक्य उच्चारणाऱ्याने कधीपासून, ते सांगावे. इयत्ता, धडा आणि शक्य असल्यास दिवस.

या शेवटच्या नियमातून पहिला गृहपाठ निघे. मी त्यास वियोगनिबंध हे नाव दिले होते: गणिताने मला सोडले तो दिवस. फरीदाबादचाच एक उंचापुरा मुलगा, वडिलांचा लेथचा कारखाना असलेला, आपला निबंध वाचताना अडखळला.

"चौथी तक सब ठीक था, मैम. फिर भिन्न आ गए." भिन्न म्हणजे आपले अपूर्णांक.

"भिन्न आए, या और कोई आया?"

मुलाने जरा विचार केला. "नई टीचर आई थीं. पुरानी वाली चली गईं."

"तो मैथ्स कमज़ोर नहीं है तुम्हारी. उसका ट्रांसफ़र हुआ था. चलो, वापस बुलाते हैं."

तो मुलगा आता त्या कारखान्यात बसतो आणि दिवाळीला बाईंच्या घरी मिठाई घेऊन येतो. किती तुकडे असतील याचा अंदाज सांगितल्याशिवाय डबा उघडू देत नाही.

स्वतःच्या चुकीबाबत बाई स्वतःला सवलत देत नसत. एकदा व्याजाचे उदाहरण सोडवताना त्यांच्याकडून दशांशचिन्ह एक घर सरकले. मागून एका मुलीने ते दाखवले. बाईंनी डस्टर उचलले नाही. आडवी रेघ मारली, शेजारी बरोबर उत्तर लिहिले आणि तास संपल्यावरही फळा तसाच ठेवला. पुढच्या तासाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक पुसू लागले, तर बाई दारातून परत आल्या. "राहू द्या हो जरा. माझी आहे ती." त्या गृहस्थांनी उरलेल्या अर्ध्या फळ्यावर मागणी-पुरवठ्याचे वक्र काढले.

वैयक्तिक स्नेहाचेही एक सांगतो. माझी कन्या इथेच वाढली. तिचे मराठी म्हणजे हिंदीच्या चुलीवर तापवलेले पुणेरी वरण. एके दिवशी बाई घरी आल्या असता तिने विचारले, "मावशी, तुम्ही सारखं अदमास अदमास म्हणता, अदमास मतलब?" बाईंनी तिला शब्दार्थ सांगितला नाही. स्वयंपाकघरात नेऊन डोळे मिटून पोह्यांत मीठ घालायला लावले. पोहे आम्ही कसेबसे गिळले. पण अदमास हा शब्द माझ्या मुलीच्या तोंडी कायमचा बसला. माझ्या संस्कृताने जे साधले नाही ते खारट पोह्यांनी साधले, ही वेदना मी आजवर मनात ठेवली होती.

इथपर्यंतचा मजकूर गौरवग्रंथाच्या रीतीला धरून झाला. यापुढचा नाही. तो लिहावा की लिहू नये, असे मी बाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तेवढं गाळलंत तर तो लेख नव्हे, रबरानं पुसलेला पेपर होईल. लिहा."

नियमपत्रकातला सातवा नियम असा होता: 'चाचणी हुकल्यास पुन्हा घेतली जाणार नाही. कारण सांगू नये; ऐकले जाणार नाही.' भरपाई म्हणून प्रत्येकाच्या चाचण्यांपैकी सर्वांत वाईट एक सोडून दिली जाई. हा नियम वरवर क्रूर दिसतो, पण त्याचे मूळ दयेत होते. त्यापूर्वी बाईंनी कारणे ऐकून पाहिली होती. ज्याच्याकडे डॉक्टर ओळखीचा तो प्रमाणपत्र आणी. ज्याला रडता येई तो रडे. "कुणाची आजी खरी वारली नि कुणाची नाही, हे ठरवणारी मी कोण?" असे त्या म्हणत. म्हणून त्यांनी न्यायासनच मोडून टाकले. कोणाचेच ऐकायचे नाही, म्हणजे कोणावर अविश्वास दाखवावा लागत नाही. मलाही तो नियम तेव्हा अत्यंत तर्कशुद्ध वाटला होता.

अश्विनी गवई ही वाशीम जिल्ह्यातली विद्यार्थिनी. राज्यशास्त्र हा तिचा विषय. करोल बागेत खोली घेऊन राहायची, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची आणि मेट्रो बदलत आमच्याकडे यायची. वर्गात तिची जागा दाराशी. त्यामुळे नियमपत्रकाची घडी ठोकण्याचे काम तिच्याकडे होते आणि ती ते फार गंभीरपणे करी. गणित हा अभ्यासक्रम तिने पुढे ढकलत ढकलत शेवटच्या सत्रात घेतला होता. पहिली चाचणी तापामुळे हुकली. ती 'सर्वांत वाईट' म्हणून सुटली. पुढची हुकली ती काला अंबमुळे.

गावाकडून काका, काकू आणि आणखी काही मंडळी प्रथमच दिल्लीस आली होती. लाल किल्ला त्यांना नको होता. त्यांना पानिपतला जायचे होते, तिथल्या काला अंब या मराठ्यांच्या स्मारकापुढे उभे राहायचे होते. हिंदी येणारी, रस्ते ठाऊक असलेली घरातली ती एकटीच. पाहुण्यांना नाही म्हणणे तिच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी ती बाईंच्या खोलीत आली. मी तेथे चहा पीत होतो.

"मॅडम, काल मी—"

"कारण सांगू नकोस, अश्विनी. नियम ठाऊक आहे ना?"

"कारण नाही सांगत, मॅडम. झालं ते सांगतेय."

"सगळ्यांना सारखा नियम आहे, बाळ."

"हो, मॅडम," ती म्हणाली, आणि गेली. जाताना तिने दार हळूच लावले.

त्या चाचणीचे शून्य तिला नडले. थोडक्या गुणांनी ती अनुत्तीर्ण झाली. अभ्यासक्रम वर्षातून एकदाच चाले, म्हणून पदवी अडकली. पदवी अडकली म्हणून त्या वर्षीची स्पर्धा परीक्षेची संधी गेली. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही. पुढे कुठूनशी दूरस्थ शिक्षणाने तिने पदवी घेतल्याचे कानावर आले. बाईंनी तिला फोन केला, तर क्रमांक बदललेला होता.

पुढच्या सत्राचे नियमपत्रक छापून आले, तेव्हा सातव्या नियमावर एक आडवी रेघ होती, अशी की खालचे वाचता यावे. त्याखाली नवा सातवा नियम: 'चाचणी हुकल्यास येऊन सांगावे. ऐकले जाईल.' मुद्रणालयाच्या माणसाने विचारले होते, मैडम, कटा हुआ क्यों छपवाना है, निकाल देते हैं. बाईंनी काढू दिले नाही. त्यानंतर दर सत्रात कोणी ना कोणी विचारी, "मैम, ये कटा क्यों है?" आणि दर सत्रात बाई नाव न घेता ती हकिगत भरल्या वर्गात सांगत. "ये मेरा ग़लत जवाब है. रबर मना है ना, तो मुझे भी मना है." मी मागच्या बाकावरून ते अनेकदा ऐकले आहे. स्वर दर वेळी तोच असे, आणि दर वेळी ते सांगून झाल्यावर त्या क्षणभर दाराजवळच्या जागेकडे पाहत.

पुढे आमचे विद्यापीठ कागदमुक्त झाले. या मुक्तीचा सोहळा मोठा होता. निमंत्रणपत्रिका जाड आर्टपेपरवर छापल्या होत्या. सर्व नियमपत्रके पोर्टलवर गेली. बाईंचेही कार्यालयाने परस्पर चढवले. बाई मात्र वर्गात आपली जुनी छापील प्रतच वाचून दाखवत राहिल्या, आणि दारासाठीच्या प्रती त्यांच्या कपाटात अजून शिल्लक होत्या. त्यामुळे पोर्टलवर काय दिसते हे आमच्यापैकी कोणी डोळे उघडून पाहिले नाही.

गतवर्षी मी माझ्या वृद्ध मोटारीला आसनावरणे शिवून घेण्याच्या हेतूने करोल बागेत गेलो होतो. भाव चालू असताना मागून आवाज आला, "लघु-गुरू सर ना तुम्ही?"

मी वळलो. "ओळखलंत? अश्विनी. दाराशी बसायची."

ती आता तिथेच एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अंकगणित आणि तर्क शिकवते. स्वतःचे प्रयत्न संपले, असे तिने सहज सांगितले, भाजी संपली म्हणावे तसे. मग हसून म्हणाली, "सर, मॅडम अजून हजेरीला अंदाज विचारतात? मीपण तसंच करते. पोरं वेडी म्हणतात मला."

मला राहवले नाही. मी म्हणालो, तुझ्यामुळे सातवा नियम बदलला. बाई दर वर्षी तो खोडलेला नियम वर्गात वाचून दाखवतात, त्याची कथा सांगतात.

तिने विचारले, "खरंच? रेघ मारलीये?"

"थांब, दाखवतो," मी म्हणालो, आणि आसनावरणांच्या गठ्ठ्यावर टेकून सोत्साह भ्रमणध्वनीवर पोर्टल उघडले. सातवा नियम दिसला. अक्षत, निष्कलंक, पूर्ण अंमलात असलेला: 'कारण सांगू नये, ऐकले जाणार नाही.' रेघ नव्हती. त्याखाली नवा नियमही निमूट उभा होता. एकाच पत्रकात ऐकले जाणार नाही आणि ऐकले जाईल, शेजारी शेजारी, दोघेही तितकेच वैध.

तिने माझ्या हातातला फोन जवळ घेऊन वाचला. "सर, हा तर आहे की अजून."

"कागदावर रेघ आहे. शपथेवर सांगतो."

"असेल, सर," ती म्हणाली. "असू दे. माझा वर्ग सुरू होईल, निघते."

मी इतकी वर्षे शब्दांचा व्यापार करतो आहे, पण 'असेल' या क्रियापदात एवढी थंडी असते हे मला करोल बागेत कळले. आसनावरणे मी न घेताच परतलो.

दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितले. त्यांनी तेथूनच तांत्रिक विभागास फोन लावला. पलीकडचा तरुण सौजन्यमूर्ती होता.

"मैम, सिस्टम सादा टेक्स्ट ही लेता है. कटी हुई लाइन सपोर्ट नहीं है. पुराना वाला रूल डिलीट कर दूँ?"

"डिलीट नहीं करना है. काटना है."

"मैम, काटना और डिलीट करना एक ही तो हुआ ना?"

"नहीं हुआ, बेटा," बाई म्हणाल्या. "यही तो पूरा कोर्स है."

त्या तरुणाने हा अभ्यासक्रम केलेला नसावा. तो म्हणाला, टिकट बना देता हूँ, म्हणजे तक्रार नोंदवून ठेवतो.

त्या शनिवारी बाई आपली छापील प्रत पर्समध्ये घालून, गुडघ्यांची कुरकुर न ऐकता मेट्रोने करोल बागेस गेल्या. मी बरोबर येतो म्हणालो, तर नको म्हणाल्या. सोमवारी मी विचारले, काय झाले? बाईंनी चहा ओतला. मग म्हणाल्या, "वर्ग भारी घेते ती. मी मागच्या बाकावर बसले, हजेरी दिली. माझा अंदाज चुकला."

"आणि पत्रक?"

"दाखवलं. रेघेवरून बोट फिरवलं तिनं. म्हणाली, छान आहे मॅडम. मग म्हणाली, 'पण मॅडम, माझं ते वर्ष?'" बाईंनी कप खाली ठेवला. "शास्त्रीबुवा, मला उत्तर आलं नाही. अंदाजसुद्धा सांगता आला नाही. ती जागा कोरी ठेवून आले."

गौरवलेखात नायकाचे विजय सांगावेत असा संकेत आहे. माझ्या पाहण्यात बाईंइतके निर्भयपणे कोणी पराभूत झालेले नाही, म्हणून मी हा सांगितला. आपल्याकडे बहुतेक जण आयुष्याची शुद्ध प्रत मागे ठेवून जाण्याच्या खटपटीत असतात. बाईंनी कच्ची प्रत दाखवली, रेघांसकट, आणि जिथे उत्तर आले नाही तिथे जागा सोडली. मला वाटते, ती जागा सोडता येणे हे गणितातच नव्हे, कशातही अवघड आहे.

सत्रान्ती बाई सेवानिवृत्त झाल्या. त्यापूर्वीच्या शैक्षणिक समितीत हा अभ्यासक्रम बंद करून त्याजागी संगणकावर आपापले आपण उरकायचे एक प्रकरण ठेवावे, असा ठराव आला. त्या प्रकरणात उत्तर बरोबर आल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही आणि चुकीचे उत्तर यंत्र स्वतःच पुसते. बाई बोलल्या नाहीत. जाणाऱ्याने मागे काय राहावे हे ठरवू नये, असे त्यांचे मत. गणित विभाग आढ्याकडे पाहत होता. तेव्हा सभागृहात एक आवाज उमटला की मी घेतो, आणि तो आवाज माझाच असल्याचे सर्वांबरोबर मलाही कळले. समितीने हसत हसत एका वर्षाची मुदत दिली. वर्षाअखेर मुले टिकली तर अभ्यासक्रम टिकेल. संस्कृताचा अध्यापक 'आर्ट्सवाला मैथ्स' शिकवतो, ही वार्ता एव्हाना उपाहारगृहापर्यंत पोहोचली आहे. हा ग्रंथ, ग्रंथांच्या परंपरेस अनुसरून, विलंबाने निघत असल्याने ते वर्ष सध्या चालू आहे.

बाईंनी जाताना मला एक घडी घातलेला कागद देऊ केला; मला वाटले, त्यांची वर्गात वाचायची प्रतच. मी म्हणालो, ती अश्विनीकडे असावी. त्या म्हणाल्या, "तिच्याकडेच आहे. मी तुम्हाला कोरा कागद देत होते. तुमच्या चुका तुम्ही करा की."

आता प्रथेप्रमाणे दीर्घायुष्याची प्रार्थना. पण बाईंपुढे 'शतायुषी व्हा' म्हणण्याची सोय नाही. त्या विचारतील, कशावरून? म्हणून इतकेच म्हणतो: आम्हा सर्व शिष्य-सहकाऱ्यांनी त्यांच्या आयुष्याचा जो काही अदमास मनात धरला आहे, तो त्यांनी भरघोस फरकाने, वरच्या बाजूने, चुकवावा. गुडघे त्यांच्या मेट्रोप्रवासांना साथ देवोत. चहा गरम मिळो. आणि करोल बागेतल्या त्या मागच्या बाकावर त्यांची हजेरी पुन्हा पुन्हा लागो. परवा कळले की त्या पुन्हा जाऊन आल्या. काय बोलणे झाले, मी विचारले नाही.

जाता जाता विद्यापीठाच्या इमारत-देखभाल विभागाचे लक्ष मी या व्यासपीठावरून एका बाबीकडे वेधू इच्छितो, कारण अन्य सर्व व्यासपीठे माझी वापरून झाली आहेत. कोपऱ्यातल्या खोलीचे दार अद्याप लागत नाही. कागदमुक्तीमुळे नियमपत्रक छापून मिळत नाही, आणि दारासाठीची शेवटची प्रत गेल्याच महिन्यात झिजून निकामी झाली. मी तक्रार नोंदवली. पोर्टलवर 'निराकरण झाले' असे आले. पुन्हा नोंदवली, पुन्हा निराकरण झाले. चप्पल लावून पाहिली, ती घसरते. लाकडी पाचर मागितली, तर त्यास तीन निविदा लागतात असे कळवण्यात आले. तूर्त मी एक पाय दाराला लावून शिकवतो, आणि तसे उभे राहिले की माझा हात फळ्यापर्यंत पोहोचत नाही.